तोडलेल्या उंदीरमारीला धुमारे का येत नाहीत: सरपणाच्या कुंपणातली दरवर्षीची मर

जून संपत आलाय. दोन-चार दमदार पाऊस होऊन गेले. शेजाऱ्याच्या वईतल्या (कुंपणातल्या) उंदीरमारीला, म्हणजे गिरिपुष्पाला, हात-हातभर धुमारे आलेत आणि आपल्या कुंपणातले निम्मे खुंट अजून तसेच राखाडी, गप्प उभे आहेत. मागच्या वर्षीही हेच झालं होतं. मेलेल्या जागी नवे दांडे पुरले, ते जगले, वाढले, तोडले, आणि तोडल्यावर त्यातलेही काही गेले. सरपणासाठी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावलेल्या अनेकांची ही तक्रार असते. तिला उत्तर मिळतं ते ठरलेलं: जमीन हलकी आहे, नाहीतर वाळवी लागली. माझ्या कुंपणात ही दोन्ही कारणं क्वचितच खरी निघाली. खुंट बहुतेक वेळा आपल्याच हातून मरतो, आणि तोही तोडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत. आपल्याला कळतं मात्र पावसाळ्यात.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, कातळाला लागून. स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी न्हाणीघरातल्या पाणचुलीवरच तापतं. पाच माणसांचं ६० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर सुमारे २,१०० किलोकॅलरी पाण्यात उतरायला हव्यात. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा पाचातला एखादाच हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीचा धुरात आणि भिंतीत जातो. म्हणजे रोज तीनेक किलो चांगलं वाळलेलं लाकूड, वर्षाला टनभर. पूर्वी हे सगळं ऐन आणि किंजळ या झाडांतून यायचं. आता ती झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतली तोडायची तरी परवानगी लागते. आणि कायदा नसता तरी पाण्याचा हंडा तापवायला चाळीस वर्षांचा ऐन आडवा करणं मला पटत नाही. म्हणून गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) आतून १८० उंदीरमारी लावल्या, तीन तुकडे केले, दर वर्षी एक तुकडा तोडायचा. एका खुंटातून तीन वर्षांनी पंधरा-वीस किलो वाळलेली फाटी निघते, ६० खुंटांत वर्षाची बेगमी होते. सुबाभूळ थोडी आहे, ती खालच्या बांधावर.

पहिली तोड उत्तम गेली. दुसऱ्या वेळी एका मजुराच्या टोळीला मे महिन्यात काम दिलं. त्यांनी दोन दिवसांत ६० झाडं जमिनीसपाट केली, आणि आषाढात मोजली तेव्हा त्यातली २२ मेलेली होती. त्यानंतरची काही वर्षं मी प्रत्येक खुंटाला चुन्याने आकडा घालून वहीत लिहून ठेवत आलोय: कधी तोडला, कशाने, किती उंचीवर, धुमारा कधी दिसला. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

आधी सालीला नख लावा

खुंट उपटायची घाई करू नका. फेब्रुवारीत तोडलेला आणि पाणी न घातलेला खुंट कधीकधी मृगापर्यंत काहीच हालचाल दाखवत नाही आणि मग आठवड्याभरात वीस ठिकाणी फुटतो. मेलाय की झोपलाय हे ओळखायला नख पुरतं. खुंटाच्या माथ्यापासून वीतभर खाली, वरची राखाडी पापडी नखाने खरवडा. खाली ओलसर हिरवा पदार्थ लागला, नखाला काकडीसारखा थंड वाटला, तर खुंट जिवंत आहे, वाट पाहा. लागला नाही तर अजून वीतभर खाली, मग जमिनीलगत, अशा तीन ठिकाणी बघा. माथ्याकडे वाळून गेलेले आणि बुडाशी हिरवे असे खुंट बरेच असतात. ते बुडातून फुटतात. आम्ही तसे दरवर्षी चार-पाच वाचवतो.

तिन्ही ठिकाणी हिरवं नसेल तर साल कशी आहे ते बघा, कारण त्यावरून मरणाचं कारण जवळजवळ नक्की सांगता येतं.

साल लाकडापासून सुटून पोकळ झालीय, बोटाने टकटक केलं तर कागदी पुठ्ठ्यासारखी वाजते आणि खालचं लाकूड कोरडं, पांढरं आहे: खुंट वाळून मेला. उन्हात तोडला, किंवा घाव घालताना साल ओढली गेली.

साल घट्ट आहे पण खरवडल्यावर खाली तपकिरी-काळं, बुळबुळीत, आंबूस वासाचं निघतं: खुंट कुजून मेला. पावसात तोडला, किंवा माथ्यावर पाणी साचलं, किंवा मुळाशी पाणी तुंबतं.

साल शाबूत, लाकूड शाबूत, सालीवर बारीक धुमाऱ्यांचे तुटके कोंब आणि दातांच्या खुणा: फुटला होता, खाल्ला.

साल शाबूत, खुंट बारीक आणि चेंगटलेला, मागच्या वेळीही दोन-तीनच काड्या दिल्या होत्या: थकून मेला.

सालीला एवढं महत्त्व का, तर नवा धुमारा लाकडाच्या गाभ्यातून येतच नाही. सालीखाली वर्षानुवर्षं निजलेले डोळे असतात, शिवाय कापल्या जागी साल आणि लाकूड यांच्या मधल्या पातळ थरातून नवे डोळे तयार होतात. तो थर कागदाएवढा आहे. साल सुटली की तो हवेला पडतो आणि दोन उन्हांत वाळतो. मग मुळं कितीही धडधाकट असोत, वर यायला वाट राहत नाही. आमच्या वाडीतले एक आजोबा, सत्तरी उलटलेले, माझे ते २२ खुंट बघायला आले होते. त्यांनी एकाची साल दोन बोटांनी उचलली, केळीच्या सोपटासारखी सगळी हातात आली. "साल धरून रवली तर झाड रवता," एवढंच म्हणाले. साल धरून राहिली तर झाड राहतं.

मे महिना

आपल्याकडे लाकूडतोड मे महिन्यात का होते ते उघड आहे. शेतीची कामं नसतात, मुंबईची माणसं आलेली असतात, आणि पावसाळ्याची बेगमी डोळ्यांसमोर असते. उंदीरमारीसाठी मात्र हा वर्षातला सर्वांत वाईट महिना आहे.

जानेवारीच्या अखेरीस तिची पानं पिवळी पडून गळतात. फेब्रुवारीत नुसत्या काठ्यांवर गुलाबी फुलांचे तुरे लगडतात. त्या वेळी झाडाने वर्षभर कमावलेलं पिठूळ अन्न मुळांत आणि बुंध्यात साठलेलं असतं. तोडल्यावर पानं नसताना पहिले धुमारे वाढतात ते याच साठ्यावर. एप्रिलमध्ये झाड नवी पालवी काढतं, साठ्यातला मोठा भाग त्या पालवीत खर्च करतं, आणि नेमकं ती पालवी परतफेड करायला लागण्याआधी आपण ती तोडून टाकतो. वर्षाची पुंजी पेरणीत घातलेल्या शेतकऱ्याचं पीक उभं कापून न्यावं तसं ते आहे.

दुसरी गोष्ट सालीची. पालवी फुटते तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल लाकडावरून सहज सरकते. पोरं याच दिवसांत काठीची साल अखंड काढून पिपाण्या करतात. तीच साल कोयत्याच्या घावाखाली सुटते. वर मेचं ऊन आणि कातळाची धग. माझे २२ खुंट या तिन्हींनी मिळून मारले.

म्हणून तोड करायची ती पौष-माघात, पानं गळल्यापासून फुलं झडेपर्यंत. तारीख धरून बसू नका, झाडाकडे बघा: काठीवर पान नाही, फूल आहे, टोकाला नवा हिरवा कोंब अजून नाही. माझ्या वहीत या दिवसांत तोडलेल्या ६० खुंटांमागे दोन-तीनच जातात. युरोपात विलोची सरपणासाठी तोड करतात तीही पानं झडल्यावर, ऐन थंडीत. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी वाळुंज दिसतो तो याच विलोच्या कुळातला. झाड वेगळं, हवामान वेगळं, पण साठा मुळात असताना तोडायचं हे सूत्र तेच. दुसरा फायदा सरपणाचा आहे, त्यावर पुढे येतोच.

फेब्रुवारीत तोडलं तरी पुढे तीन महिने ऊन आहे. कातळावरचे, मातीचा जेमतेम हातभर थर असलेले खुंट मी झाकतो. तोडीतून निघालेल्या बारीक फांद्या आणि वाळलेलं गवत खुंटाच्या माथ्यावर सैल टोपीसारखं ठेवायचं, वर एक जांभ्या दगडाचा चिरा. बुडाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर, पण खोडाला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. पाणी देता आलं तर पंधरा दिवसांनी एक बादली पुष्कळ. शेणमातीचा लेप काही जण लावतात. उन्हाळ्यात त्याने कापलेल्या जागेची ओल टिकते, ते ठीक आहे. पावसात तोच लेप पाणी धरून ठेवतो, म्हणून मृगाआधी तो खरवडून काढा.

पावसात तोडावंच लागलं, वाऱ्याने झाड मोडलं किंवा विजेच्या तारेला लागलं, तर कापलेल्या लाकडावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, याच प्रमाणात हवी तेवढी थोडी करायची. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. लेप लाकडाला लावा, खालच्या सालीवर ओघळू देऊ नका.

घाव

हा भाग हातात धरून शिकवायचा आहे, लिहून जेवढं जमेल तेवढं सांगतो.

मनगटापेक्षा बारीक काठी असेल तर कोयता वरून खाली मारू नका. वरून मारलेल्या घावाने काठी तुटते, पण खालचा खुंट चिरतो आणि साल खालच्या अंगाला सुटते. डाव्या हाताने काठी आपल्यापासून दूर थोडी वाकवून धरायची, ताण येईल इतकीच, आणि कोयता खालून वर, तिरपा, एका झटक्यात न्यायचा. काप पानावर सुरी चालवल्यासारखा गुळगुळीत पडतो. दोन घाव लागत असतील तर एकतर कोयत्याला धार नाही किंवा काठी करवतीची आहे. धार लावायला दर दहा-बारा झाडांमागे थांबा. उंदीरमारीचा चीक आणि सालीचा चोथा पात्यावर बसतो, तोही पुसून घ्या.

मनगटापेक्षा जाड असेल तर आरी किंवा करवत. आधी पडणाऱ्या बाजूने एक तृतीयांश कापायचं, मग उलट बाजूने. हा पहिला, पडणाऱ्या बाजूचा काप विसरलात तर झाड स्वतःच्या वजनाने पडताना साल थेट बुडापर्यंत ओरबाडून नेतं. मजुरांच्या टोळीने नेमकं हेच केलं होतं, घाईत. मशीनच्या करवतीबद्दल माझी तक्रार नाही, साखळीला धार असेल तर तिचा काप चांगला असतो. बोथट साखळी मात्र साल चावून तंतू-तंतू करते. मशीनने कापलं तरी शेवटी धारदार कोयत्याने सालीची कड तासून गोल साफ करा. साठ खुंटांना तासभर लागतो.

कापाचा माथा तिरका हवा, पाणी वाहून जाईल असा, आणि उतार गडग्याकडे नको, आतल्या मोकळ्या अंगाला हवा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सपाट माथ्यावर, त्यातून मधे खळगा असेल तर, जून ते सप्टेंबर वाटीत पाणी भरून ठेवल्यासारखं होतं. कुज तिथूनच सुरू होते आणि गाभ्यातून खाली उतरते.

किती उंचीवर

जमिनीसपाट तोडलेली झाडं पावसात शिंतोड्यांनी मातीने माखतात, वाळलेल्या पाल्यात दडतात आणि गुरांच्या तोंडाशी येतात. आमच्याकडे भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात. उंदीरमारीचा पाला सवय नसलेली गाय वासामुळे सोडते, शेळी मात्र सोडत नाही, आणि सुबाभळीचा कोवळा धुमारा तर कुणीच सोडत नाही. एकदा खाल्लं तर झाड पुन्हा फुटतं. तीनदा खाल्लं की साठा संपतो.

कुंपणातल्या उंदीरमारीला मी कमरेच्या वर, साधारण एक मीटरवर तोडतो. खांबही राहतो आणि धुमारेही वाचतात. सुबाभूळ दीड मीटरवर, शेळीला सहज पुरणार नाही एवढी. घराच्या आवारात, जिथे गुरं येतच नाहीत, तिथे वीत-दीड वीत उंची पुरे. तिथले धुमारे जमिनीजवळून निघतात, जास्त सरळ आणि घट्ट बसलेले असतात. एक मात्र पाळा: पहिल्या तोडीला जी उंची धरली, तिच्या खाली पुढच्या वेळी जाऊ नका. जुन्या कापावर दोन-तीन तोडींनी गाठ तयार होते, निजलेल्या डोळ्यांची गर्दी तिथेच असते. दरवेळी त्या गाठीच्या दोन-चार बोटं वर कापा. माणसं "साफ दिसावं" म्हणून गाठच उडवतात आणि मग धुमारा येत नाही म्हणतात.

थकलेले खुंट

हा सर्वांत फसवा प्रकार, कारण मर हळूहळू येते. एका वर्षी पंधरा धुमारे, पुढच्या तोडीनंतर आठ, मग तीन, मग काहीच नाही. अशा कुंपणाच्या मालकाला मी एकच प्रश्न विचारतो: पावसाळ्यात पाला काढता का? बहुतेकदा उत्तर हो असतं. उंदीरमारीचा पाला भाताच्या चिखलणीत घालायला उत्तम आहे, नत्र भरपूर, लवकर कुजतो. मीही घालतो. पण माघात सरपणासाठी तोडलेल्या खुंटाचा पहिल्याच आषाढातला पाला ओरबाडणं म्हणजे झाडाने साठा खर्चून काढलेली पानं कमाई सुरू करण्याआधीच नेणं. पाल्याची झाडं वेगळी ठेवा, फाट्यांची वेगळी. तेवढी जागा नसेल तर तोडलेल्या तुकड्याला पहिलं वर्ष हात लावू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी बाजूच्या फांद्यांचा पाला घ्या.

पाळीही आखूड करू नका. दोन वर्षांची फाटी अंगठ्याएवढी निघते, फडफड जळून जाते, आणि खुंटाला साठा भरायला वेळ मिळत नाही. तीन वर्षांत मनगटाएवढी होते, ती फोडावी लागत नाही आणि निखारा धरते. चौथ्या वर्षाच्या पुढे फाटी जाड होते, फोडायचे कष्ट वाढतात. घरच्या सरपणाला तीन वर्षं हाच मेळ.

आधीच अशक्त झालेल्या खुंटावर पुढच्या तोडीला एक फांदी राखा, सगळ्यांत उंच नको, मधली. ती पानांवर येऊन मुळांना पोसते आणि बाकीचे डोळे फुटायला धीर येतो. पुढच्या माघात ती काढायची. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) टाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडलेले जुने ऐन बघा, खांबासारख्या बुंध्यावर शेंड्याचा झुपका राखलेला असतो. पिढ्यान् पिढ्या टाळ देऊन ते ऐन उभे आहेत, त्या झुपक्याचा त्यात मोठा वाटा आहे.

धुमारे आले आणि मोडले

फुटवा भरपूर येऊन श्रावणातल्या वाऱ्यापावसात बुडातून निखळून पडतो, तेव्हा लोक खुंट कुजला समजतात. बहुतेक वेळा तो कुजलेला नसतो. कापाच्या अगदी कडेवर फुटलेले धुमारे नुसते सालीला धरून असतात, खाली लाकूड भरायच्या आत वाढून जड होतात. जुलैच्या शेवटी, धुमारे कमरेएवढे झाले की, विरळणी करा. कडेवरचे हाताने बाजूला दाबून मोडा, ते अलगद सुटतात. कापापासून चार बोटं ते वीतभर खाली फुटलेले पाच-सहा राखा, खुंटाच्या सगळ्या अंगांना वाटून. एकाच बाजूला राखले तर दुसऱ्या बाजूची साल आणि मुळं हळूहळू मरतात. विरळणीचा पाला शेळीला किंवा माडाच्या आळ्यात. पण कुत्र्या-घोड्यापासून दूर ठेवा, या झाडाचं बी, साल आणि पाला त्यांना विषारी आहे. उंदीरमारी हे नाव उगीच पडलेलं नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. आंब्याच्या किंवा काजूच्या दाट सावलीत तोडलेला खुंट फुटतो पण धुमारे पिवळट, लांबुळके होऊन मरतात, तिथे सरपणाची झाडं लावूच नका. मांडीपेक्षा जाड, कधीच न तोडलेलं जुनं झाड एकदम तोडलं तर जाड सालीखालचे डोळे फुटायला जड जातं. आधी एका वर्षी अर्ध्या फांद्या उतरवा, बुंध्यावर कोंब दिसले की मग तोडा. सुरू आणि ज्याला आपण ऑस्ट्रेलियन अकेशिया म्हणतो ते झाड, ही दोन्ही खोडातून नीट फुटत नाहीत. ती तोडून वाट बघत बसणाऱ्यांना नर्सरीत कुणी हे सांगितलेलं नसतं याचं मला फार वाईट वाटतं. आणि वाळवी: खुंटावर मातीचे पदर दिसले की तिच्यावर खापर फुटतं, पण ती बहुधा मेलेल्या सालीवर चढलेली असते. पदर झाडून खाली नख लावा. हिरवं असेल तर वाळवीने फक्त वरची पापडी खाल्लीय. बुडाशी टणक, तपकिरी, कडेला पांढरी अशी बुरशीची पालथी वाटी उगवली असेल तर मात्र मूळकूज आहे. तो खुंट मुळांसकट खणून जाळा आणि वर्षभर तिथे काही लावू नका.

फाटी धुमसते

ही तक्रारही तोडीच्या महिन्याशीच जोडलेली आहे. ताज्या उंदीरमारीच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. एक किलो पाणी वाफ करून उडवायला चूल ६०० किलोकॅलरी खाते. हिशेब केला तर ओल्या किलोभर फाटीतून हंड्याला मिळणारी उष्णता वाळलेल्या किलोभर फाटीच्या निम्म्यावर येते, वर न्हाणीघर धुराने भरतं ते वेगळं. मे महिन्यात तोडलेलं लाकूड जूनमध्ये पडवीत जातं ते ओलंच, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते पुढे वाळत नाही, बुरशी धरतं. माघात तोडलेलं लाकूड तीन महिने कातळावर तापतं.

मी फाटी हात-दीड हात लांबीची तोडून, एक थर उभा एक आडवा, मधून वारा खेळेल अशी रचतो, खाली चिरे. दर रचणीत एक खुणेची काठी ठेवतो, ताजी असताना ताणकाट्यावर बरोबर २ किलो भरलेली, तांबडी दोरी बांधलेली. ती सव्वा किलोच्या खाली येऊन दोन आठवडे तिथेच थांबली की रचणी पडवीत न्यायला तयार. काटा नसेल तर दोन फाट्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या थप्प करतात. पडवीत ताडपत्री घालायची तर फक्त माथ्यावर. चारी बाजूंनी गुंडाळलेली रास आतून घामेजते, आणि मग भाद्रपदात चुलीपुढे फुंकणी घेऊन बसावं लागतं.

मेलेल्या जागा भरताना

नवे दांडे याच माघाच्या तोडीतून घेऊ नका, पावसापर्यंत ते वाळतात. दुसऱ्या तुकड्यातल्या चांगल्या झाडाच्या एक-दोन फांद्या मेच्या अखेरीस काढा. निदान वर्षभराची, साल हिरवी नसून तपकिरी-राखाडी झालेली, मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच. खालच्या टोकाला तिरका काप, वरच्या टोकालाही तिरका. कुठलं टोक खालचं हे कोळशाने खूण करून ठेवा. उलटे पुरलेले दांडे मी स्वतः पाहिलेत आणि ते जगले नाहीत. सावलीत आठवडाभर उभे ठेवा, पहिला चांगला पाऊस झाला की हातभर खोल खड्ड्यात पुरा, बुडाच्या सालीला चार-पाच उथळ खाचा देऊन, म्हणजे मुळं तिथून सुटतात. पहारीने भोक पाडून दांडा ठोकू नका, साल सोलून निघते. खड्डा करा, दांडा ठेवा, माती पायाने घट्ट दाबा. मेलेल्या खुंटाच्या नेमक्या जागी न लावता हातभर बाजूला लावा. आणि या नव्या दांड्यांना, शेजारचे खुंट तोडीला आले तरी, पहिली तीन वर्षं कोयता लावू नका.